न विचारता मारलेला शिक्का

सरांच्या शोकसभेला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या सभेतला हशा आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हो, हशाच. माणूस जाऊन दोन आठवडे झाले नव्हते. टेबलावर फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि समोर सांगलीतले डॉक्टर लोक रुमालानं डोळे पुसत हसत होते. एकेक जण उठायचा आणि सरांची एकेक गंमत सांगायचा. लाइट गेले की सर मायक्रोस्कोप उचलून अंगणातल्या चिंचेखाली कसे जाऊन बसायचे. अर्धवट भरलेल्या फॉर्मचा पुडा करून, त्यात खारे शेंगदाणे भरून, ज्यानं तो पाठवला त्याच डॉक्टरकडे परत कसा धाडायचे. शेवटी आमच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर उठले. हे सर्जन. ते म्हणाले, "तंबाखूची जन्मभर वकिली केली, आणि शेवटी तंबाखूनंच आपल्या वकिलाला नेलं." झालं. सगळा हॉल खो खो हसला. कुणीतरी "वल्ली होता बुवा" असंही म्हणालं.

वकिली! मी मागच्या खुर्चीत बसून नुसती धुमसत होते. सरांनी कुणाची वकिली केली हे त्या हॉलात मला ठाऊक होतं आणि आणखी तिघांना. बाकीच्यांनी शेंगदाणे तेवढे लक्षात ठेवले.

सर पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे पेशंटच्या गाठीचा तुकडा काढला की तो आमच्या लॅबमध्ये यायचा. आम्ही टेक्निशियन लोक तो मेणात बसवायचो, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचो, रंगवून काचेवर लावायचो. ती काच मायक्रोस्कोपखाली बघून सर सांगायचे, कॅन्सर आहे की नाही. या कामात माणसाचं तोंड बघायची गरजच नसते. काच बघायची, दोन ओळी लिहायच्या, पुढची काच. पण सरांना तेवढ्यानं चैन पडायचं नाही. काच हातात घेतली की विचारायचे, "हे कोण?" आपण नंबर सांगितला की भडकायचे. "मी तुरुंगात नोकरीला नाही. गाव कुठलं ते सांग." मग आमच्या लॅबमध्ये सगळ्या काचा गावानं ओळखल्या जायच्या. "तासगावच्या आजी आल्या का?" "कवठ्याचे गुरुजी अजून रंगात आहेत का?" नवीन माणसाला वाटायचं, इथं पाहुणे येणार आहेत.

आणि तंबाखू. ती लपवण्यात अर्थ नाही. सर तंबाखू खायचे आणि भरपूर खायचे. खिशात पितळेची डबी, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. उजवा डोळा मायक्रोस्कोपला लावलेला आणि डाव्या तळहातावर अंगठ्यानं मळणं चालू. कुणी टोकलं तर म्हणायचे, "ती खुनी आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. रोज मीच तर पंचनामा करतो. माझी अक्कल गहाण पडली आहे, ती गोष्ट वेगळी."

मी तिथं नोकरीला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वडूजच्या बौद्धवस्तीतून शिकून बाहेर पडून पांढरा कोट घालणारी मी पहिली मुलगी. कोटाचा तोरा होता मला, खोटं कशाला बोलू. माझं काम खिडकीवर बसायचं. वॉर्डातून तुकड्याची बाटली आणि फॉर्म आला की नोंद करून घ्यायची. त्या खिडकीवर एक शिक्का ठेवलेला होता. लाकडी मुठीचा, रबराचा, जांभळ्या शाईचा. त्यावर होतं, "तंबाखू / मिश्री : होय". मोठ्या डॉक्टरांनीच तो करून घेतला होता. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या फॉर्मवर तो मारायचा असा नियम. गर्दी फार, लिहायला वेळ कुणाला? आणि आमच्या भागात बाप्ये तंबाखू खातात आणि बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात, हे काय विचारायला हवं? मीही दणादण मारत होते. माझी आई रोज सकाळी चुलीपुढं बसून मिश्री लावायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरांनी पहिल्यांदा मला शिक्का मारताना पाहिलं ते महिन्याभरानं. त्याआधी तो फॉर्मवर वॉर्डातूनच येतो असं त्यांना वाटत होतं.

"विचारलंस?" ते म्हणाले.

"काय, सर?"

"तंबाखू खातो का, हे त्याला विचारलंस?"

"सर, सगळेच खातात."

"तू खातेस?"

"नाही."

"तुझी आई?"

"मिश्री लावते."

"गाव कुठलं?"

"वडूज."

त्यांनी माझं मनगट धरलं, शिक्का शाईत दाबला आणि माझ्या हातावर मारला. तंबाखू, मिश्री, होय. मी हात ओढून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोक्यात तिडीक गेली. "सर, हा काय प्रकार आहे? मी नाही म्हणून सांगितलं ना तुम्हाला?"

"हां," सर म्हणाले. "राग आला ना? न विचारता कुणी आपल्याबद्दल ठरवून टाकलं की काय होतं, हे तुला मी शिकवायला पाहिजे का गं?"

शाळेत मला वेगळ्या तांब्यानं पाणी मिळायचं, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना तर नाहीच. ती शाई दोन दिवस निघाली नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "सर, मी विचारून लिहीन." ते म्हणाले, "आण तो शिक्का." तुकड्यांचे काप काढायच्या यंत्रावर त्यांनी तो रबराचा शिक्का चढवला आणि माझ्याकडून त्याचे काप काढून घेतले. पातं खलास झालं. आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी नवा शिक्का करून आणला आणि तो वॉर्डातच ठेवला, आमच्या हाती लागू नये म्हणून. आता फॉर्म यायचा तो शिक्का घेऊनच.

आता सुभेदारांचं सांगते. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मधली तीन-चार वर्षं गेली होती. एके दिवशी सकाळी खिडकीपुढं एक उंच, ताठ गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पायजमा, पॉलिश केलेले काळे बूट, मानेच्या एका बाजूला लिंबाएवढी गाठ. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कोयनानगरजवळच्या गावचे. बरोबर पत्नी आणि विशी-बाविशीचा मुलगा. मुलगा चार हात लांब, भिंतीला टेकून उभा. बापाची पिशवीसुद्धा त्यानं धरली नव्हती.

सुभेदारांनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला आणि जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "ताई, ह्ये कुनी ल्ह्यालं?"

"वॉर्डात लिहितात."

"मला कुनी इचारलं न्हाई. म्यां आयुष्यात तंबाकू हातात धरली न्हाई. रम घेतली, पंधरा वर्सं, फौजेत मिळायची, ती न्हाई म्हनत न्हाई. पन तंबाकू न्हाई. ह्ये खोडा."

मी म्हटलं, मला खोडता येत नाही, सरांना सांगते. तेवढ्यात भिंतीजवळून मुलगा बोलला, "आता कशाला नाटकं, आबा? मोठं डाक्टर बी त्येच म्हनालं. खाल्ल्याबिगार हुतो व्हय ह्यो रोग?"

सुभेदारांनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. नुसती त्यांची मान ताठ झाली. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी. बुटक्या, काटक, नऊवारी नेसलेल्या बाई. खिडकीत वाकून माझ्याशी हळू बोलायला लागल्या. सुभेदारांचे वडील तंबाखूपायीच गेले. गालाला भोक पडून, पाणी बाहेर यायचं. बारा वर्षांच्या सुभेदारांनी त्यांच्या पायाला हात लावून आण घेतली होती, तंबाखूला शिवणार नाही म्हणून. ती अख्ख्या गावाला माहीत. हा मुलगा कॉलेजात गुटख्याच्या पुड्या खायला लागला, तेव्हा सुभेदारांनी सातारच्या एसटी स्टँडवर चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारली आणि आपल्या वडिलांपुढं घेतलेली आण सांगितली. पोरानं पुडी सोडली. आणि आता दवाखान्याच्या कागदावर सरकारी शाईत आलं, बाप तंबाखू खातो. "पोरगं बोलायचं बंद झालंय. पुडी परत सुरू केलीया," बाई म्हणाल्या. "ह्येंनला रोगाचं भ्या न्हाई ताई. ह्येंनला ह्या कागदाचं भ्या हाय."

मी आत जाऊन सरांना सांगितलं. सर उठले ते तरातरा बाहेर आले, सुभेदारांना घेऊन चिंचेखाली बसले आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. तासभर. चिंचेखालून परत आले तेव्हा रागानं लालबुंद झाले होते.

कशानं, तर ऐका. सुभेदारांचा घसा एका बाजूनं दुखायला लागून आठ महिने झाले होते. तालुक्याच्या डॉक्टरनं तोंड न बघता पहिला प्रश्न केला, तंबाखू खाता का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग घाबरायचं कारण नाही, गुळण्या करा. आठ महिने हा माणूस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसला. गाठ मानेत उतरली तेव्हा इथं आला, आणि इथं त्याला सांगितलं, कॅन्सर आहे म्हणजे तुम्ही खाता, खरं बोला.

"बघितलंस?" सर ओरडले. "खात नाही म्हटलं तेव्हा विश्वास ठेवला आणि तपासलं नाही. तपासलं तेव्हा विश्वास ठेवला नाही. दोन्हीकडून यांनीच मारला त्याला. आणि हे सगळे शिकलेले!"

तुकडा जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलजवळचा होता. मी काच तयार करून दिली. सर बराच वेळ बघत राहिले, मळलेली तंबाखू हातातच राहिली. मग म्हणाले, "कॅन्सर आहे. पण ही गाठ मला आपल्या नेहमीच्या तंबाखूवाल्यांसारखी दिसत नाही." बाहेरच्या देशांतली मासिकं त्यांच्याकडे चार-चार महिने उशिरा यायची, ती ते पेन्सिलीनं खुणा करून वाचायचे. त्यात यायला लागलं होतं की घशाच्या आणि जिभेच्या मुळाच्या काही कॅन्सरांत एक विषाणू सापडतोय. चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्या भाऊबंदांपैकीच एक. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो, त्यातही तोच. तंबाखू हा मोठा खुनी खराच, सर म्हणायचे, पण प्रत्येक प्रेताजवळ तोच उभा होता असं न बघता लिहायचं म्हणजे दुसरा खुनी मोकळा सुटला.

आमच्याकडे तो विषाणू शोधायची सोय नव्हती. मुंबईत एका प्रयोगशाळेत सरांचे जुने मित्र होते. मेणात बसवलेला तुकडा सरांनी त्यांच्याकडे पाठवला, बरोबर चार पानी पत्र. सुभेदारांना शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला.

त्याच सुमारास डॉक्टरांची रविवारची बैठक होती. सर त्यात हे सगळं मांडायला उभे राहिले. स्लाइडचं यंत्र लावायला म्हणून मी हजर होते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच मोठे डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले, "वकीलसाहेब, आधी तोंडातला बार थुंकून या, मग तुमच्या अशिलाची बाजू मांडा." हशा पिकला. सर बाहेर गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. खळखळून चूळ भरून परत आले आणि सगळ्यांदेखत ती पितळी डबी माझ्या हातात दिली. "कपाटात ठेव. किल्ली तुझ्याजवळ. आजपासून बंद." मग श्रोत्यांकडे वळून म्हणाले, "आता माझं तोंड रिकामं आहे. आता ऐका." आणि काय सांगू, तेवढ्यात चहा आला. सगळे कपबशांकडे उठले. सर रिकाम्या खुर्च्यांना दहा मिनिटं समजावत होते.

अठ्ठावीस वर्षांची सवय त्यांनी तब्येतीसाठी सोडली नाही, बायकोनं सांगून सोडली नाही. एका फौजी माणसाबद्दल बोलताना कुणी आपल्याला हसू नये म्हणून सोडली. आणि सोडली म्हणजे सोडली. पुढचे दोन महिने लॅबमध्ये कुणाची धडगत नव्हती. दाराचा आवाज झाला की ओरडायचे, झाला नाही तरी ओरडायचे. डाव्या तळहातावर उजवा अंगठा रिकामाच फिरत असायचा. एकदा मला म्हणाले, "किल्ली दे." मी म्हटलं, "देत नाही." रागारागानं माझ्याशी दोन तास बोलले नाहीत, मग स्वतःच शेंगदाणे घेऊन आले.

मुंबईचं उत्तर आलं तेव्हा सुभेदारांचा शेक संपत आला होता. विषाणू सापडला होता. सर पत्र हातात घेऊन अक्षरशः पळत निघाले. मी मागे. बाहेर व्हरांड्यात सुभेदार, त्यांच्या पत्नी, मुलगा, शिवाय गावाहून भावाला बघायला आलेली सुभेदारांची बहीण, अशी सगळी बाकावर बसली होती. आजूबाजूला पन्नास माणसं. आणि इथं सरांनी ती चूक केली. जन्मभर "विचारा, विचारा" म्हणणारा हा माणूस, सापडलं या आनंदात, त्या पन्नास माणसांत उभं राहून सुभेदारांच्या पत्नीला विचारता झाला, "बाई, तुम्हाला कधी पिशवीच्या तोंडाचा आजार झाला होता का?"

बाई खाली बघून म्हणाल्या, "व्हय. धा वर्सं झाली. मिरजंला शेक घेतला हुता. बरी झाले."

"बघा! तोच विषाणू!" सर मला म्हणाले. आणि मग त्यांना भोवतालची शांतता ऐकू आली.

नणंद उठून उभी राहिली. "म्हंजी? हिच्या पिशवीतला रोग माज्या भावाच्या तोंडात आला? हिला कुठनं आला हुता?"

बाईंनी पदर तोंडावर ओढला. मी त्या वेळी नणंदेला फाडून खाल्लं असतं, आणि सरांना त्याआधी.

सुभेदारांचा आवाज शेकामुळं पार बसला होता. ते उठले, पत्नीच्या पुढं येऊन उभे राहिले आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सायेब, कागुद नगं मला. शिक्का हाय तसा ऱ्हाऊ द्या. म्यां तंबाकू खात हुतो. चोरून खात हुतो. ल्ह्या."

ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस चार महिने झुरत होता, ती त्यानं एका दमात टाकून दिली. पोरगा आ वासून बघत राहिला.

"गप बसा," बाईंनी पदर खाली घेतला. "कवा खाल्ली हो? मला ठावं न्हाई ती कवा खाल्ली? सासऱ्याच्या पायाला हात लावून घेतल्याली आन हाय ती. माज्यापायी मोडता व्हय? मला कोन काय म्हनायचं त्ये म्हनू द्या. डाक्टर, तुमी खरं ल्ह्या."

सर तिथंच फरशीवर बसले. बाकावर नाही, फरशीवर. बाईंसमोर हात जोडले. "बाई, चूक माझी आहे. हे मी चारचौघांत विचारायला नको होतं. मला माफ करा." एवढा मोठा डॉक्टर नऊवारीतल्या बाईच्या पायाशी बसून माफी मागतोय, हे त्या व्हरांड्यानं कधी पाहिलं नव्हतं. बाईच गडबडल्या. "आवं उठा, उठा, आसं करू नगा," म्हणायला लागल्या.

मग सर त्या चौघांना लॅबमध्ये घेऊन आले. दार लावलं. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलं आहे. हा विषाणू लाखो माणसांत असतो, सर म्हणाले. संसार करणाऱ्या कुणालाही होऊ शकतो. बहुतेकांचं अंग तो आपोआप बाहेर टाकतं, त्यांना कळतही नाही. एखाद्याच्या अंगात तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि कधीतरी घात करतो. नवऱ्याकडून बायकोला आला की बायकोकडून नवऱ्याला, लग्नाआधी की नंतर, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. मी तर नाहीच. "दोघं एका घरात राहिलात, दोघांना तो भेटला. यात ज्याला वागणुकीचा दोष काढायचा असेल त्यानं आधी माझ्यापुढं तोंड उघडावं, मी तपासतो."

हे शेवटचं नणंदेकडे बघून. नणंद म्हणाली, "मला काय झालंया?"

"उघडा."

सरांनी बॅटरी घेऊन बघितलं. मिश्रीनं काळे पडलेले दात, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा. सरांचा आवाज एकदम उतरला. "मिश्री लावता?" त्यांनी विचारलं. ती "व्हय" म्हणाली. "किती वर्षं?" "न्हानपनापास्नं." "ती आजच बंद करा, आणि भावाबरोबर पुढच्या खेपेला माझ्याकडे या. घाबरू नका, पण या." नणंद त्यानंतर वहिनीबद्दल चकार शब्द बोलली नाही. पुढच्या खेपेला आली, आणि वहिनीचाच हात धरून आली.

मग सर मला म्हणाले, "लिही." मी लॅबचा छापील कागद घेतला. त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या अक्षरात लिहिलं. "तंबाखू, मिश्री, गुटखा : कधीही नाही. आम्ही विचारले, त्यांनी सांगितले, आम्ही विश्वास ठेवला. गाठीत विषाणू सापडला आहे. तो कुणाकडून आला हे सांगता येत नाही, आणि ते कुणी विचारू नये." खाली सरांनी सही केली. 'विचारू नये' हे शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

सुभेदारांनी हात पुढं केला, पण त्याआधी मुलगा म्हणाला, "मला द्या." त्यानं तो कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला. घडी घालून बापाच्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग खाली वाकून बापाची पिशवी उचलली आणि पुढं चालायला लागला.

वॉर्डातल्या फॉर्मवर मात्र शिक्का तसाच राहिला. सरांनी तीन अर्ज केले. कुणी उत्तर दिलं नाही. मोठ्या डॉक्टरांच्या मते एका सुभेदारासाठी पद्धत बदलायची गरज नव्हती. एका माणसाला एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो हो?

सुभेदार बरे झाले. मोठे डॉक्टर म्हणाले, नशीब. सर म्हणाले, का बरे झाले ते मला माहीत नाही, पण झाले. दर सहा महिन्यांनी दोघं नवराबायको यायची, सरांसाठी तांदूळ घेऊन.

आणि सर आजारी पडले. तंबाखू सोडून तीन वर्षंही झाली नव्हती. डाव्या गालात, जिथं ते बार धरायचे नेमक्या त्याच जागी, जखम झाली. वॉर्डातून बाटली आली, बरोबर फॉर्म. फॉर्मवर सरांचं नाव आणि जांभळा शिक्का. तंबाखू, मिश्री, होय. सगळ्या रुग्णालयाला ठाऊक असलेली गोष्ट. खोटं काय होतं त्यात?

मी बाटली ठेवली आणि फॉर्म घेऊन सरळ त्यांच्या खोलीत गेले. ते कॉटवर टेकून बसले होते, गालाला कापूस.

"सर, तंबाखू खात होता?"

"अगं, शिक्का आहे ना त्यावर. खरा आहे तो."

"खरा असला तरी मी विचारलेलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले. माझे तर आधीच. "अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "चुन्यासकट. डाव्या गालात. सोडून दोन वर्षं दहा महिने. लिही, सगळं लिही." मी शिक्क्यावर रेघ मारली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं. ती काच मीच तयार केली. बघायला सरांनी स्वतःच मागितली. बघितली, आणि "वडूजच्या बाई, काप चांगले आलेत" एवढंच म्हणाले.

तर त्या शोकसभेत हशा चालू होता आणि मी बसले होते. पुढं जाऊन बोलायची माझी हिंमत झाली नाही, याची लाज आजही आहे. एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. पॉलिश केलेले काळे बूट. सुभेदार. बरोबर पत्नी आणि मुलगा, कोयनेहून पहाटेची गाडी धरून आलेले. सूत्रसंचालक म्हणाला, वेळ संपली आहे, चहा तयार आहे. सुभेदारांनी ऐकलं नाही. खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला आणि त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात सगळा वाचला. "आम्ही विचारले, त्यांनी सांगितले, आम्ही विश्वास ठेवला," इथं थांबले. मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. "ह्या दवाखान्यात मला समद्यांनी 'खरं बोल' म्हनून सांगितलं, सायेब. इचारलं ह्या एका मानसानं." मग फोटोला कडक सॅल्यूट केला आणि खाली बसले. चहाला कुणी उठलं नाही.

सभा संपल्यावर बाई माझ्याकडे आल्या. माझा हात धरला, सरांनी शिक्का मारला होता तोच.

"ताई, डाक्टरांच्या सोताच्या कागदावर कुनी ल्ह्यालं?"

"मी."

"इचारून?"

"विचारून."

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि माझा हात सोडेनात.